भिंगरीची खुरकूत

सकाळी भिंगरीने दुधाचा पेला लोटून दिला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे घरात कळायला हवं होतं. पण ती धारांची वेळ होती, आणि धारांच्या वेळी त्या घरात माणसांकडे कुणी बघत नसे. तसं पाहिलं तर त्या घराला गोठा नव्हता, गोठ्यालाच घर होतं. दोन खोल्या, मध्ये एक दार, आणि दार उघडलं की समोर गायींची शेपटं. कपड्यांना शेणाचा वास आणि गोठ्याला शिजत्या भाताचा, इतकं सगळं जवळजवळ.

भिंगरी तीन वर्षांची. एरवी अंगणभर गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलेलं. आज ती उंबऱ्यात बसून राहिली. तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवरून लाळेची तार थेट झग्यावर. आईने फडक्याने पुसायला घेतली तर केवढ्याने किंचाळली.

तिची आई म्हणजे या घरची सून. तिला सगळे 'चौकशी' म्हणत. नाव सासूने ठेवलेलं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, की गाय तेच तेच परत चघळते तर तिला त्या चवीचा कंटाळा येत नाही का. सासूने आयुष्यभर गायी सांभाळल्या होत्या, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता, आणि उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नाचा तिला फार राग यायचा. "चौकशीचं ऑफिसच आणलंय घरात," ती म्हणाली. पुढे ऑफिस गळून पडलं, चौकशी राहिली.

"आई, जरा हिच्याकडे बघता का?" चौकशीने गोठ्याकडे तोंड करून हाक मारली. "नुसती लाळ गळतेय."

ताप म्हणाली असती तर सासू उठली नसती. लाळ म्हटल्याबरोबर बादली ठेवून उठली. भिंगरीला दोन गुडघ्यांत धरलं, जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा घातला आणि वासराचं उघडावं तसं तिचं तोंड उघडलं. जिभेच्या कडेला आणि गालांना आतून बारीक फोड होते, भोवती लाल कडा. सासूने मग नातीचे तळहात उलटे केले. तिथेही पुरळ. तळपाय वर केले. तिथेही.

"खुरकूत," सासू म्हणाली.

लाळ्या-खुरकूत हा गुरांचा आजार. तोंडात फोड येतात, खुरांत फोड येतात, जनावर लाळ गाळतं, लंगडतं, चाऱ्याला तोंड लावत नाही. मागच्या महिन्यात तांबडीला झाला होता. तांबडी म्हणजे दावणीतली सगळ्यांत दुभती गाय, घराचं निम्मं दूध तिचं. सासूने तुरटीच्या पाण्याने तिचं तोंड धुतलं, पोटॅशच्या पाण्याने खूर धुतले, तिची बादली वेगळी केली. गोठ्याच्या दारात सोड्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यात पाय बुडवायला लावले, मुलाला आणि सुनेलासुद्धा. एकाही दुसऱ्या गायीला आजार झाला नाही. तेव्हापासून सासूची मान जरा ताठच होती.

"माणसाला होते खुरकूत?" चौकशीने विचारलं.

"तोंडात फोड, पायात फोड, लाळ. आणखी काय हवं तुला? शेपूट?"

"पण तांबडीच्या तोंडात तर तुम्ही कोपरापर्यंत हात घालत होतात. तुम्हाला कशी नाही झाली?"

सासूने अंगठ्याची लाळ पदराला पुसली. भिंगरीला आईच्या हवाली केलं आणि फर्मान काढलं, पोरीला गोठ्यापासून लांब ठेवायचं. तांबडीच्या तर वाऱ्यालाही उभं करायचं नाही. आता घरातली तिन्ही माणसं दिवसभर गोठ्यात. पोरीला लांब ठेवायचं म्हणजे कुठे ठेवायचं? तर सकाळी बालवाडीत, आणि बालवाडी सुटली की शेजारी शिंपिणीकडे. ताप तर किरकोळच होता. ही व्यवस्था सगळ्यांना पटली. चौकशीलाही पटली, हे इथे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिने स्वतःला ते कधी विसरू दिलं नाही.

शिंपिणीच्या आणि यांच्या घरात एकच भिंत. ओसरीवर शिलाई मशीन, मशीनशेजारी चिंध्यांचा ढीग, आणि ढिगात बसलेलं तिचं तान्हं बाळ. थोरला मुलगा भिंगरीच्याच बालवाडीत. "राहू दे की," शिंपीण तोंडातली टाचणी न काढताच म्हणाली. "दोन आहेत त्यात तिसरी."

"तोंड आलंय जरा तिचं," चौकशी म्हणाली. हे खोटं नव्हतं. हातापायांचं मात्र ती बोलली नाही. गायीचा रोग पोरीला झाला असं कोणत्या तोंडाने सांगायचं? भिंगरी तोवर चिंध्यांत जाऊन बसलीसुद्धा होती, पाय पसरून, बाळाला मांडीवर घेऊन. बाळाची मूठ तिने नेहमीसारखी तोंडात घातली. फोड झोंबले असतील, लगेच काढली. बाळाने तीच मूठ आपल्या तोंडात घातली. चौकशी हसली आणि चारा कापायला निघून गेली.

*

सुनेने तोंड मिटून घेतलं तरी सासूचं उघडंच होतं. लाज वाटायचं सोडून तिला आपल्या नजरेचं कौतुक. "एका नजरेत ओळखली," असं तिने पाण्याच्या नळावर सांगितलं, आणि नळावर सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं होतं.

दूध घालायचं ते संकलन केंद्रावर. तिथे मशीनवर बसणाऱ्या माणसाला लोक फॅटसाहेब म्हणत. सगळ्यांच्या दुधातलं फॅट तो बघायचा, त्याच्या अंगावर मात्र त्याचा मागमूस नव्हता. चौकशी आणि तिचा नवरा कॅन घेऊन रांगेत उभे राहिले. पुढच्या बाईने यांच्या कॅनकडे पाहिलं आणि आपला कॅन पायानेच थोडा पुढे सरकवला. नंबर आल्यावर फॅटसाहेबाने झाकणही उघडायला सांगितलं नाही.

"तुमचे कॅन तिकडे ठेवा. नळाजवळ."

नळाजवळ म्हणजे जिथे लोक पाय धुवायचे तिथे.

"का हो?" नवऱ्याने विचारलं. तो मुळात कमी बोलणारा. जे काही बोलायचा ते गायींशी.

"गायीला रोग, पोरीला रोग. माझ्या टाकीत सगळ्यांचं दूध एक होतं. उद्या काही झालं तर लोक माझा गळा धरतील."

"तांबडी आजारी होती तेव्हा तिचं दूध आम्ही आणलं नव्हतं. आता ती बरी होऊन किती दिवस झाले."

"गाय बरी झाली. पोरगी कुठे झालीय?" फॅटसाहेबाने पुढच्याला खूण केली. "ती गाय दावणीवरून हलवा. मग घेतो. मला काय तुमच्याशी वैर आहे का?"

लोकांचे कॅन रिकामे होऊन परत निघाले आणि यांचे भरलेलेच. चढावर नवऱ्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि चौकशी मागून एका हाताने कॅन सावरत चालली होती. रस्त्यावर कुणी भेटलं की दोघंही चपलांकडे बघत. घरी आल्यावर सासूने ऐकून घेतलं. तांबडी जन्मली तेव्हा आडवी होती, सासूने तिला आत हात घालून वळवून बाहेर ओढलं होतं. पण निर्णय घ्यायला तिला वेळ लागला नाही.

"बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याला बोलव," तिने मुलाला सांगितलं आणि विळा घेऊन चारा कापायला बसली. त्या दिवशी तिने गरजेपेक्षा फारच जास्त चारा कापला.

तांबडी गेली तर घर अर्धपोटी राहणार होतं, हे चौकशीलाही कळत होतं. पण तिला आणखी एक गोष्ट खुपत होती. रोग गायीचाच कशावरून, हे कुणीच विचारलं नव्हतं. सासूने ओळखला, फॅटसाहेबाने मानला, झालं. तांबडी बिचारी गव्हाणीत मान घालून चारा खात होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशी टेम्पोवाल्याच्या घरी चाळण मागायला गेली. चाळण तिच्या घरात होतीच. टेम्पोवाला म्हणजे केंद्रावरचं दूध शहरात पोचवणारा माणूस, आणि त्याची दोन्ही जुळी पोरं तीन-चार दिवस बालवाडीत दिसली नव्हती, ती का, एवढंच तिला बघायचं होतं.

"झोपलीत," टेम्पोवाल्याची बायको दारातच म्हणाली. आतून भांडायचा आवाज येत होता.

"फोड आलेत का?"

बाईचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. विचारतेय."

आत जाऊन पाहिलं तर दोघांच्या तळहातांवर तसंच पुरळ, ओठांच्या आत तेच फोड. "उष्णता झालीय," बाई घाईघाईने म्हणाली. "कुणाला बोलू नकोस हं. आधीच तुमच्या गायीवरून किती चाललंय."

"तुझी पोरं दूध कुणाचं पितात?"

"डब्यातलं. पावडरचं."

"गायीजवळ कधी गेली होती?"

"छे गं! शेपूट हललं तरी पळतात."

चौकशीच्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. तिथून ती गवंड्याच्या घरी गेली, मग किराणावाल्याच्या, मग नळामागच्या दोन घरांत. हातात टेम्पोवाल्याकडची चाळण होतीच, तिने आता चाळण द्यायला आल्याचं सोंग घेतलं. गवंड्याच्या बायकोने पोरीला सिमेंट लागल्याचं सांगितलं. किराणावालीचं मत पडलं की नवा साबण बाधला. नळामागची एक म्हणाली माती खातो म्हणून, दुसरी म्हणाली माती खायची बंद केली म्हणून. हातावरचं दाखवायला आधी कुणी तयार नव्हती, पण चौकशीने आधी भिंगरीचं सांगितलं की प्रत्येकीचं तोंड सुटायचं, आणि मग आवरता आवरायचं नाही. ताप कधी आला, जेवण कधी सुटलं, रात्री किती रडला. दोन-दोन भिंती सोडून राहणाऱ्या बायका, एकीच्या घरातलं दुसरीला माहीत नव्हतं. गुरांचा रोग झाला म्हणतील, या भीतीने जो तो आपलं पोर झाकून बसला होता, आणि जरा बरं वाटलं की गुपचूप बालवाडीत सोडत होता. डोळ्यांआड गेलं की निदान कामं तरी उरकत.

यातल्या निम्म्या घरांत गाय नव्हती. तांबडीला तर त्या पोरांनी पाहिलंही नव्हतं. चौकशीला इतका आनंद झाला की चाळण ती कुठेतरी विसरूनच आली.

शिंपिणीकडे मात्र ती चौकशी करायला गेली नाही. तिथे भिंगरी होती, तिथलं सगळं आपल्याला माहीतच आहे असं तिने धरलं होतं. शिवाय हातापायांचं लपवलं होतं म्हणून त्या दाराशी ती फार थांबत नसे.

*

मग पुढच्या सकाळी ती बालवाडीत जाऊन बसली. भिंगरीला घ्यायचं निमित्त करून जरा लवकर गेली आणि दाराशी टेकून बघत राहिली. बालवाडीच्या बाई मायाळू होत्या. कुणाचं नाक वाहिलं की धावत जाऊन पुसायच्या. खांद्यावर एक रुमाल होता, स्वच्छ धुतलेला. त्याने एक नाक पुसलं, दुसरं पुसलं, भिंगरीची लाळ पुसली, मग एका रडणाऱ्या पोराचे डोळे पुसले. कोपऱ्यात पाण्याचा पिंप, त्यावर साखळीला बांधलेला एक मग. चोरीला जाऊ नये म्हणून बांधलेला. ज्याला तहान लागेल तो मगाला तोंड लावून प्यायचा आणि उरलेलं पाणी परत पिंपात ओतायचा, कारण पाणी वाया घालवायचं नाही असं बाईंनी शिकवलं होतं. प्लॅस्टिकचा एक हत्ती होता, त्याची सोंड चावून चावून पांढरी पडली होती. भिंगरी ती चावत होती. तिने टाकला की किराणावाल्याच्या पोराने उचलला. एका मुलाला शी झाली, बाईंनी त्याला मागे नेऊन पाण्याने धुतलं, हात झटकले आणि येऊन खाऊ वाटायला घेतला.

चौकशीने दाराची चौकट धरली. आपल्या गोठ्यात एका आजारी गायीसाठी बादली वेगळी, दावण वेगळी, पाय धुतल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. आणि इथे? इथे सगळ्या पोरांची एकच गव्हाण होती. भिंगरीला गोठ्यापासून लांब ठेवायचं म्हणून त्यांनी तिला आजारी असताना दुसऱ्या कळपात सोडली होती. सकाळी या कळपात आणि दुपारी शिंपिणीच्या.

तिने भिंगरीला कडेवर घेतलं आणि घराकडे न जाता आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या खोलीकडे चालायला लागली.

नर्सबाई कुलूप लावून निघायच्याच बेतात होत्या. स्कूटरची चावी बोटात फिरत होती. त्यांनी भिंगरीचे हात पाहिले, पाय पाहिले, टॉर्चने तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "हात-पाय-तोंडाची साथ. लहान पोरांत येते. आठवडाभरात बरी होते, औषध काही नाही."

"म्हणजे खुरकूतच ना?"

"नाही हो. गुरांचा वेगळा, हा वेगळा. फोड सारख्या जागी येतात म्हणून लोक घोटाळा करतात. गायीचा पोरांना होत नाही आणि हा गायींना होत नाही."

"मग हा येतो कुठून?"

"पोरांकडून पोरांना."

"पण कशातून?"

नर्सबाईंनी चावी पर्समध्ये टाकली आणि खुर्चीत बसल्या. सांगितलं, लाळेतून, शेंबडातून, फोडातल्या पाण्यातून, शीतून. चौकशीने विचारलं, शीतून कसा, ती काय कुणी खातं? नर्सबाई म्हणाल्या, हात नीट न धुता घास भरवला तर खातंच की. पोर बरं झाल्यावरही कितीतरी दिवस शीतून जात राहतो. नुसत्या पाण्याने नाही, साबणाने धुवायचं. पेला वेगळा, रुमाल वेगळा, खेळणी धुवायची, ताप आणि फोड जाईपर्यंत पोराला घरात ठेवायचं.

"मोठ्यांना होतो?"

"होऊन जातो. पुष्कळांना कळतही नाही."

"मग पहिला कुणाला झाला हे कसं शोधायचं?"

"ते मलाही नाही सांगता यायचं," नर्सबाई म्हणाल्या. "इतके प्रश्न मला परीक्षेत नव्हते. बघा, पाणी पाजत राहा. ताप उतरला नाही, पोर पाणीच घेईना, सारखं झोपेत राहिलं, किंवा पडून असताना एकदम दचकायला लागलं, हातपाय झटकायला लागलं, तर थांबायचं नाही. सरळ मोठं इस्पितळ. तान्ह्याला तर जास्त जपायचं. घरात तान्हं आहे का?"

चौकशीच्या तोंडचं पाणी पळालं. "शेजारी आहे," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी बाजार होता. चौकशीने घरी सगळं सांगून पाहिलं होतं. सासू म्हणाली, "ती नर्स कधी गोठ्यात आलीय का? माझा जन्म गेला यात." नवरा म्हणाला, "खरं असेल तुझं. पण फॅटसाहेबाला कोण पटवणार?" आणि आदल्या संध्याकाळी चौकशी शिंपिणीच्या दारात गेली, तेव्हा शिंपिणीने दार अर्धंच उघडलं. बाळाला ताप आहे, झोपलंय, उद्या बोलू, म्हणाली आणि लावून घेतलं.

सकाळी व्यापारी आला. तांबडीला अंगणात आणलं, त्याने तिचे ओठ फाकवून दात पाहिले, कास दाबून पाहिली, चालवून पाहिली. गाय जातेय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला फॅटसाहेबही आला होता, टेम्पोवाल्याला टेम्पो रस्त्यावर उभा करायला लावून. रिकामं अंगण असलं की बघे आपोआप जमतात, तसे जमले. सासू दावं हातात धरून उभी होती. तिने तांबडीच्या कपाळावर हात ठेवला होता आणि दुसरीकडेच बघत होती.

तेवढ्यात शिंपीण बाहेर आली. केस विस्कटलेले, खांद्यावर बाळ. "न्या एकदाची ती गाय!" ती व्यापाऱ्यावर ओरडली. "रात्रभर पोर तापाने फणफणलंय. अंगावर पीत नाही. या गायीपायी झालं सगळं!"

सगळ्यांनी तांबडीकडे पाहिलं. चौकशीने बाळाकडे पाहिलं. बाळाची मान खांद्यावर लोंबत होती, डोळे अर्धे मिटलेले. आणि एकाएकी, कुणी हाक मारली नाही, काही पडलं नाही, तरी त्याचे दोन्ही हात झटका बसल्यासारखे उडाले. परत मान पडली. परत हात उडाले.

गाय दोषी ठरली असती तर भिंगरीचं नाव कुणी घेतलं नसतं. चौकशीला हे कळत होतं. आणि गाय सुटली तर काय होणार, तेही कळत होतं.

"गायीमुळे नाही," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या भिंगरीचं आहे ते. तिच्या हातापायांवर फोड होते आणि मी तुला सांगितलं नाही. नुसतं तोंड आलंय म्हणाले. तुझ्या बाळाजवळ मीच बसवलं तिला."

"गप बस!" सासू ओरडली.

"गुरांचा रोग वेगळा, पोरांचा वेगळा. नर्सबाईंनी सांगितलंय. बालवाडीतल्या कितीतरी पोरांना आहे, त्यांच्या आयांना विचारा. तांबडीला न्यायचं तर न्या, पण आधी हे बाळ न्या. ते दचकतंय, बघा ना! झोपेत दचकतंय!"

बघ्यांचा घोळका एक पाऊल मागे सरला. बायकांपैकी कुणी म्हणालं, अगं बाई. फॅटसाहेबाने "टेम्पो दुधाचा आहे हो," एवढं म्हणेपर्यंत टेम्पोवाल्याने इंजिन सुरू केलं होतं. जुळ्यांचा बाप होता तो, त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. शिंपीण पुढच्या सीटवर चढली. दार लावताना तिने चौकशीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असेल असं चौकशीला वाटलं होतं. राग नव्हता. काय होतं ते तिला कळेना, आणि तेवढ्यात टेम्पो वळला.

"बोला आजी, काय करायचं?" व्यापाऱ्याने विचारलं.

सासूने दाव्याचा आणखी एक वेढा हाताला घेतला. मग तिने तांबडीला फिरवून गोठ्याकडे चालवलं. "विकायची नाही," ती पाठमोरीच म्हणाली.

*

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. फॅटसाहेबाने दूध घ्यायला सुरुवात केली, पण सगळ्यांत शेवटी. बालवाडीला काही दिवस सुट्टी दिली. ती उघडली तेव्हा साखळीचा मग गेला होता, प्रत्येक पोराच्या हातात घरचा पेला होता, आणि दाराशी साबण. मायाळू बाई हत्तीला रोज बादलीत बुडवून धूत होत्या आणि मध्येच रडत होत्या. आया आता नळावर उघडपणे बोलत. "माझ्याचा आजच ताप गेलाय, दोन दिवस पाठवत नाही," असं एकीने म्हटलं की दुसरी आपल्या पोराचे तळहात उलटे करून बघे.

भिंगरी पूर्ण बरी झाली, परत गरगर फिरायला लागली. पण ती ज्या अंगणात शिरे तिथली आई आपलं पोर उचलून आत नेई. त्या बायकांची नावं चौकशीला पाठ होती, त्यांच्या घरचे फोड तिने स्वतः पाहिले होते. तरी ती बोलली नाही. भिंगरी विचारायची, "सगळी झोपलीत का?" आणि चौकशी तिला उचलून गोठ्यात तांबडीकडे न्यायची.

सासू मात्र चार दिवसांत अशी बोलायला लागली जणू हे सगळं तिनेच शोधलं होतं. "आजारी जनावर कळपात सोडतं का कुणी?" ती नळावर सगळ्यांना दरडावायची. लोकांच्या पोरांची तोंडं उघडून बघायला जायची. एकदा ती गवंड्याच्या पोरीचं तोंड बघून भिंगरीच्या जबड्याला हात घालणार, तेवढ्यात चौकशीने तिचं मनगट धरलं.

"आई, एका तोंडातला अंगठा दुसऱ्या तोंडात घालू नका."

सासूने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. किती पोरांच्या तोंडात तो गेला असेल याचा ती हिशोब करत असावी. मग उठली आणि साबण कुठे ठेवलाय म्हणून तिने विचारलं. सुनेला तिने आजवर विचारलेला हा पहिलाच प्रश्न असेल.

*

शिंपिणीचे धुतलेले कपडे घेऊन चौकशी शहरातल्या इस्पितळात गेली ती टेम्पोतून, भरलेल्या कॅनांमध्ये बसून. बाळ वाचलं एवढं टेम्पोवाल्याकडून कळलं होतं. दोन दिवस फार वाईट गेले होते, म्हणे. शिंपीण आपल्याला खोलीत येऊ देईल की नाही, हेच ती वाटभर स्वतःला विचारत होती. दाराशी बेसिन होतं. तिने कोपरापर्यंत हात धुतले, परत धुतले आणि आत गेली.

शिंपीण खाटेवर मांडी घालून बसली होती. बाळाच्या इवल्याशा हाताला पट्टीने बांधलेली सुई, वर सलाईनची बाटली. तिने बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. कपड्यांची पिशवी घेऊन उशाशी ठेवली.

"सगळ्यांच्या घरी जाऊन विचारलंस," ती म्हणाली. "माझ्याकडे का नाही आलीस?"

"तुझ्याकडे काय विचारायचं? माझ्याच पोरीने…"

"थोरल्याला आधीच होते फोड." शिंपीण भिंतीकडे बघत होती. "भिंगरीच्या आधी. तळहातांवर, तोंडात. शिवायला कुणी कपडे टाकणार नाहीत म्हणून मी तोंड उघडलं नाही. त्याला तसाच बालवाडीत पाठवला. तू भिंगरीला सोडायला आलीस तेव्हा तिची लाळ बघूनच मी ओळखलं होतं. त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर तू स्वतःवर घेतलंस, आणि मी घेऊ दिलं. टेम्पोत चढले आणि दार लावून घेतलं."

चौकशीला राग आला. चांगलाच आला. दारादारांतून उचलून नेलेली पोरं तिला आठवली, आणि अंगणात एकटी फिरणारी भिंगरी. आणि रागाच्या मागोमाग प्रश्न आले, एकावर एक. कुठल्या दिवशी दिसले पहिले फोड? थोरल्याच्या आधी कुणाला होते का? त्याच्याजवळ कोण बसायचं? एवढे दिवस ज्याचा माग काढत ती वणवण फिरली, त्याचं दुसरं टोक समोर खाटेवर बसलं होतं. फक्त विचारायचं होतं. तिने तोंड उघडलं.

बाळ कुरकुरलं. शिंपिणीने सुईचा हात सांभाळत त्याला उचललं, आणि सलाईनची नळी ताणू नये म्हणून चौकशीने बाळाला खालून आधार दिला.

"दूध ओढतंय का?" तिने विचारलं.

"काल नव्हतं ओढत. आज सकाळी जरा ओढलं."

बाळाने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, नाक घासलं, आणि एकदाचं तोंड लावलं. आधी नुसतंच. मग गिळल्याचा आवाज आला, परत आला, आणि येत राहिला. शिंपीण रडायला लागली. चौकशीने बाळाचं डोकं तळहातावर तसंच धरून ठेवलं, त्याचं पिऊन होईपर्यंत.